रकान्याबाहेरचे दुखणे

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ्या कसदार जमिनीच्या आणि कपाशी-तुरीच्या तासांच्या मधोमध वसलेले नांदगाव खंडेश्वर हे गाव ज्या देवालयामुळे आपले नाव मिरविते, ते खंडेश्वराचे हेमाडपंती देवालय यादवांच्या काळातील असून, चुन्यावाचून एकमेकांत बसविलेल्या त्याच्या शिळा आज सात-साडेसात शतकांनंतरही आपल्या जागा सोडून हललेल्या नाहीत. भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख ज्या पापळ गावी १८९८ साली जन्मले, ते याच तालुक्यात. मात्र हा तालुका स्वतंत्र झाला तो अलीकडे, पूर्वी हा सारा मुलूख चांदूर तालुक्यात मोडत असे. अशा गावाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला साधने कमी पडतात असे नाही. देवालयांना कोणी काय दिले ते शिळा सांगतात, शेताचा धारा किती बसला ते जमाबंदीचे कागद सांगतात, पाटीलकी कोणाच्या घराण्यात होती ते वतनाचे कज्जे सांगतात. पण तापातून उठलेला माणूस पुन्हा औतामागे चालू लागला की नाही, आणि लागला असल्यास किती दिवसांनी, एवढे एक विचारले की शिळा, जमाबंदी आणि कज्जे एकदमच मुके होतात.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या इजाऱ्याने त्यांच्याकडे राहिला आणि १९०३ मध्ये हा प्रांत मध्य प्रांतास जोडण्यात आला. या अवधीत दफ्तराची जी शिस्त बसली, तिच्यात जमिनीच्या मोजणीबरोबरच माणसांच्या मोजणीचाही समावेश होता. गावच्या पाटलाने जन्म व मृत्यू टिपून वर कळवावेत, आणि मृत्यूच्या पुढे कारणाचा रकाना भरावा, असा दंडक होता. देवी, पटकी, प्लेग, हगवण, ताप असे ते मोजके रकाने असत. त्यांपैकी पहिली तीन दुखणी कोणालाही डोळ्यांनी ओळखता येण्याजोगी असल्याने त्यांच्याविषयी घोटाळा थोडा होई, परंतु जे ओळखता येत नसे ते सारे ‘ताप’ या एका प्रशस्त रकान्यात ढकलून देण्याची वहिवाट पडली होती. हिवताप तेथेच, विषमज्वर तेथेच, फुप्फुसाचा दाह तेथेच. पाटलाला दोष देण्याचे कारण नाही. तो वैद्य नव्हता, आणि सरकारलाही त्या काळी मेलेल्यांची संख्या हवी होती, जगलेल्यांची प्रकृती नव्हे.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलिसांचे सात शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले, येथून हिंदुस्थानातील इन्फ्लुएंझाची कथा सुरू होते. तो पहिला फेरा सौम्य होता. सप्टेंबरात मुंबईत उसळलेला दुसरा फेरा मात्र आगगाडीच्या रुळांवरून देशभर गेला, आणि भुसावळ, अकोला, बडनेरा अशा क्रमाने नागपूरला जाणारा लोहमार्ग वऱ्हाडाच्या ऐन मध्यातून गेलेला असल्यामुळे, ज्या रुळांनी पन्नास वर्षे इथला कापूस मुंबईस नेला त्याच रुळांनी मुंबईचे दुखणे इथे आणून पोचविले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य प्रांत व वऱ्हाड यांत जो अनर्थ झाला, तो सबंध हिंदुस्थानातील सर्वांत भयंकर अनर्थांपैकी एक होता. नोंदीची व्यवस्थाच त्या आठवड्यांत कोसळली, कारण नोंदणारेही अंथरुणाला खिळले होते. मागाहून अधिकाऱ्यांनी जो हिशेब केला, तो नेहमीच्या वर्षीचे मृत्यू त्या वर्षीच्या मृत्यूंतून वजा करून केला. कारण या दुखण्यास स्वतःचा रकाना नव्हता, तेही बिचारे तापातच गेले होते. पहिला सरकारी अंदाज देशभरात सुमारे ६० लाखांचा होता. पुढील अभ्यासकांनी तो एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत नेला. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, असे त्यानंतर आजतागायत घडलेले नाही. जेथे मेलेल्यांच्याच मोजदादीत एक कोटीची घालमेल होते, तेथे अर्धमेल्यांची मोजदाद मागणे हा अव्यवहार म्हणावा लागेल, तथापि तो मी करणार आहे.

त्या साथीचे एक चमत्कारिक लक्षण सर्वांनी टिपून ठेवलेले आहे. एरवीचा पडसेताप म्हातारे आणि तान्ही मुले यांना ओढून नेतो. या तापाने वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसे नेली. पाश्चात्त्य देशांत पुरुष अधिक गेले, पण आपल्याकडे बहुतेक प्रांतांत स्त्रियांचे मृत्युप्रमाण पुरुषांहून वरचढ निघाले. घरातील सर्वांची शुश्रूषा करणारी, सर्वांच्या मागून जेवणारी आणि स्वतः तापात असतानाही चुलीपुढून न उठणारी बाई त्या साथीत सर्वांआधी खचली, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आहे, आणि मला तो पटतो. गर्भवती स्त्रियांवरचा घाला तर सर्वांत मोठा होता. पुढल्या वर्षी, १९१९ साली, देशात जन्मांचे प्रमाणही घसरले.

आता काळाचा मेळ पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वऱ्हाडात वेचणीचे दिवस. बोंडे फुटू लागली की शेतात सीतादही करून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून बायका वेचणीस लागतात. ज्वारी कापणीस आलेली असते. रब्बीची पेरणीही याच सुमारास उरकावी लागते. १९१८ साली पावसाने आधीच दगा दिला होता, युद्धामुळे धान्याची धारण चढली होती, आणि जे हात कामाचे तेच हात अंथरुणावर होते. ताप उतरण्यास आठ दिवस पुरतात. तापातून उठलेल्या माणसाच्या पाठीत वाकून कापूस वेचण्याइतके बळ भरण्यास किती दिवस लागतात, हा प्रश्न त्या हंगामात प्रत्येक शेतावर उभा राहिला असला पाहिजे. आफ्रिकेत टांगानिकाच्या दक्षिण भागात त्याच साथीनंतर लोकांच्या अंगी पेरणी करण्याइतकेही त्राण उरले नाही आणि त्यामागून दुष्काळ पडला, असे तेथील इतिहासकारांनी वृद्धांच्या आठवणींतून जुळवून दाखविले आहे. आपल्याकडे तसे कोणी वृद्धांपाशी जाऊन बसले नाही. आता ते वृद्ध राहिलेले नाहीत.

युरोपातील वैद्यांनी मात्र या मागाहूनच्या दुखण्याकडे थोडेफार लक्ष दिले होते. १८८९ साली रशियाकडून आलेल्या साथीनंतर लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांत तापोत्तर खिन्नता, निद्रानाश आणि न संपणारा थकवा यांची वर्णने सतत येऊ लागली. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमो याने एका निद्रारोगाचे वर्णन केले, आणि त्यातून वाचलेल्या कित्येकांना पुढे कंपवाताने जखडून टाकले. त्या रोगाचा इन्फ्लुएंझाशी संबंध होता की दोहोंचा केवळ काळ जुळला, हा वाद मात्र शंभर वर्षे होऊनही मिटलेला नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकास ही अवस्था अपरिचित नव्हती. तीन आठवडे लोटूनही सूक्ष्म रूपाने अंगात मुरून राहणाऱ्या, अग्नी मंद करणाऱ्या तापास त्याने ‘जीर्णज्वर’ असे वेगळे नाव दिले. आणि चरकाने ज्वर गेलेल्या माणसास, अंगी पूर्ववत् बळ येईपर्यंत, व्यायाम, स्त्रीसंग, स्नान व फार हिंडणे वर्ज्य करण्यास सांगून, न पाळल्यास ज्वर उलटतो, असा इशारा दिला. हिवताप, क्षय आणि आज आपण ज्याला विषाणुजन्य म्हणतो तो ताप हे सारे त्या एका नावाखाली येत असतील, तेव्हा चरकाला आजचे सर्व ठाऊक होते असे म्हणण्याची मला मुळीच हौस नाही. परंतु ताप उतरणे आणि माणूस बरा होणे या दोन घटना निरनिराळ्या आहेत, एवढे त्याने स्पष्ट पाहिले होते, आणि घराघरांतून दुखणाइताला पेजेवर ठेवण्याची, त्याला उन्हात जाऊ न देण्याची जी रीत चालत आली तिच्या मुळाशी हेच ज्ञान होते. अडचण ज्ञानाची नव्हती. पाडव्याला साल ठरवून राहिलेल्या सालदाराला पेज मिळाली तरी विसावा कोठून मिळणार? वाड्यातील दुखणाईत महिनाभर ओसरीवर बसून राही, आणि त्याच तापातून उठलेला सालदार पाचव्या दिवशी बैल सोडी. तेव्हा रेंगाळणाऱ्या दुखण्याचा धोका कोणाला, या प्रश्नाचे पहिले उत्तर वैद्यकात शोधण्याऐवजी गावाच्या मजुरीव्यवस्थेत शोधावे, असे माझे मत आहे.

१९१८ नंतर वऱ्हाडाला या प्रकारचा धडा ज्या दुखण्याने घरोघर दिला ते दुखणे ऐकण्यास किंचित विनोदी नावाचे होते. चिकुनगुन्या हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला असून, दुखण्याने वाकून गेलेल्या माणसाचे चित्र त्यात आहे; १९५२-५३ मध्ये त्याच टांगानिकात, माकोंडे पठारावर, तो ताप प्रथम ओळखला गेला. आपल्या लोकांनी त्याचे ‘चिकनगुनिया’ केले, आणि २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांचा बर्ड फ्लू नुकताच होऊन गेलेला असल्यामुळे, कोंबडी खाल्ल्याने हा ताप येतो अशी समजूत घेऊन कित्येकांनी रस्सा सोडला. कोंबडीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. दिवसा चावणारा, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढणारा एडिस जातीचा डास हे त्याचे वाहन; आणि ज्या प्रदेशात पाणी चार दिवसांआड येते म्हणून रांजण, ड्रम व हौद भरून ठेवावे लागतात, आणि उन्हाळ्यातील कूलरची टाकी पावसाळ्यातही भरलेलीच राहते, तेथे त्या डासाला आमंत्रण वेगळे देण्याची गरज नसते.

हा विषाणू महाराष्ट्रास नवा नव्हता. १९६३ मध्ये तो कलकत्त्यास, १९६४ मध्ये मद्रासेकडे आणि १९६५ मध्ये नागपुरात आढळला; १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची मोठी साथ झाली. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात हाडे मोडून काढणाऱ्या ज्या साथी डेंग्यू म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांपैकी काही वस्तुतः चिकुनगुन्याच्या असाव्यात असा युक्तिवाद १९७१ मध्ये केरी या संशोधकाने केला, आणि त्याचा आधार हाच होता की त्या रोग्यांचे सांधे ताप गेल्यावरही महिनोन्महिने दुखत राहिले होते. म्हणजे मागे रेंगाळणारे दुखणे हेच येथे रोगाच्या ओळखीची खूण ठरले. बार्शीनंतर तीस-बत्तीस वर्षे हा ताप जणू अंतर्धान पावला, आणि २००५ च्या अखेरीस परतला तो आफ्रिकी वंशाचे नवे रूप घेऊन, असे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखविले. २००६ साली देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रोगी सरकारी दफ्तरी लागले, आणि मृत्यू एकही नाही. अहमदाबादच्या अभ्यासकांनी त्या वर्षीच्या ऑगस्ट ते नोव्हेंबरातील मृत्यूंची मागील वर्षांशी तुलना केली, तेव्हा एकट्या त्या शहरात नेहमीपेक्षा २,९४४ मृत्यू अधिक निघाले. १९१८ चीच युक्ती, वजाबाकीची, ८८ वर्षांनी पुन्हा वापरावी लागली.

पण या रोगाचा खरा पसारा मृत्यूंत नव्हताच. ताप चार-सहा दिवसांत जाई आणि सांधे मागे राहत. सकाळी अंथरुणातून उठताना पाऊल टेकवत नसे, मूठ वळत नसे, विळा धरवत नसे. जिन्याच्या कठड्याला धरून उतरणारी चाळिशीची माणसे एकाएकी सत्तरीची दिसू लागली. फ्रान्सच्या ताब्यातील रेयुनियों बेटावर त्याच साथीत एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आजारी पडल्यामुळे तेथे, आणि पुढे इतरत्रही, रोग्यांचा पाठपुरावा झाला. त्या सर्वांतून दिसते ते असे, की तीन महिन्यांनंतरही सांधे दुखत राहणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी तिघांत एक किंवा त्याहून अधिक भरते. वय चाळीस-पंचेचाळिशीच्या पुढे गेलेले, स्त्रिया, आधीपासून संधिवात असलेले आणि पहिल्या आठवड्यात ज्यांची वेदना फार तीव्र होती असे लोक त्यांत अधिक सापडतात. वेचणीचा हिशेब वजनावर होतो, आणि वेचणी बायका करतात. बोटे न वळणाऱ्या बाईची त्या हंगामातील मिळकत किती घटली असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

योगायोग असा, की त्याच २००६ साली ऑस्ट्रेलियातील डब्बो या आडगावच्या रोग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो मला या विषयातील सर्वांत मार्मिक वाटतो, कारण त्याची भूमी नांदगाव खंडेश्वरासारखीच शेताभातांची आहे. तेथील डॉक्टरांनी ग्रंथिज्वर, क्यू-ज्वर आणि चिकुनगुन्याच्याच कुळातील रॉस रिव्हर ताप अशा तीन वेगवेगळ्या दुखण्यांच्या २५३ रोग्यांना वर्षभर सोडले नाही. यांपैकी क्यू-ज्वर तर विषाणूचा नसून जिवाणूचा. तरीही सहा महिन्यांनंतर तिन्ही गटांत थकवा, अंगदुखी, झोपेचा बिघाड आणि मन एकाग्र न होणे हे एकच चित्र दिसले, आणि ते शंभरात बारांच्या ठिकाणी दिसले. कोणाला हे मागाहूनचे दुखणे जडेल हे वयावरून सांगता आले नाही, स्त्री-पुरुष भेदावरून सांगता आले नाही, आणि पूर्वीच्या मानसिक प्रकृतीवरूनही सांगता आले नाही. पहिला आजार किती कडक होता एवढ्यावरूनच ते बव्हंशी ठरले. ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून दुखणाइताला वाटेला लावण्याची जी सवय डॉक्टरांना, सासवांना आणि मालकांना सारखीच आहे, तिला एवढ्या शांतपणे दिलेले उत्तर माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

मग कोरोना आला. देशात पहिली लाट ओसरून लोक सैल झाले असताना २०२१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल ज्या थोड्या जिल्ह्यांत लागली, त्यांत अमरावती व अकोला हे अग्रभागी होते. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. बी.१.६१७ हे विषाणूचे कूळ, ज्याची एक शाखा पुढे डेल्टा या नावाने जगभर गेली, ते त्याच सुमारास विदर्भातील नमुन्यांत सापडले होते. ती लाट गेली आणि मग गावोगाव ते एक वाक्य ऐकू येऊ लागले: “कोरोना झाला तवापासून अंगात पहिल्यासारखा दम नाही राह्यला.” बोलणाऱ्याला ठाऊक नव्हते, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वाक्याचीच व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही रोगाने ज्यांचा उलगडा होत नाही अशी लक्षणे, मग तो थकवा असो, धाप असो की बुद्धीवर पसरलेले धुके असो.

हे किती जणांना होते, याचे उत्तर विचारण्याच्या पद्धतीवर फार अवलंबून राहते. केवळ इस्पितळातील रोग्यांना विचारले तर आकडा फुगतो. फक्त स्वतःहून आलेल्यांना मोजले तर तो आक्रसतो. २२ देशांतील बारा लाख लोकांची माहिती एकत्र करून २०२२ साली जो मोठा हिशेब मांडण्यात आला, त्यात तीन महिन्यांनंतर लक्षणे उरलेल्यांचे प्रमाण शंभरात सहाच्या थोडे वर निघाले. पण वीस वर्षांवरील स्त्रियांत ते १०.६, पुरुषांत ५.४ आणि वीस वर्षांखालील मुलांत २.८ असे वाटले गेले होते, आणि या सर्वांपैकी सुमारे १५ टक्के लोक वर्ष उलटले तरी बरे झाले नव्हते. इस्पितळात, विशेषतः अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांना बरे होण्यास अधिक अवधी लागला. स्थूलता, धूम्रपान आणि आधीचे जुनाट विकार धोका वाढवितात. लस घेतलेल्यांत तो घटतो. परंतु घरीच पडून बरे झालेल्या, ज्यांची कोठे नोंदही नाही अशा माणसांची संख्या इतकी प्रचंड होती, की प्रमाण लहान असूनही रेंगाळलेल्यांपैकी बहुतेक याच गटातून आले. हजार माणसांच्या गावात सर्वांना ताप येऊन गेला, तर साठ माणसे मागे राहतात. आणि एखाद्या गावात साठ माणसे अर्ध्या बळाने वावरत असली तरी, कोणी मेलेले नसल्यामुळे, पंचनामा होत नाही.

तर मग या दुखण्याचा पूर्वेतिहास कोठे शोधावा? सरकारी दफ्तरात तो नाही हे मी पुरेसे सांगितले. माझ्या मते तो एकाच ठिकाणी असण्याचा संभव आहे, आणि ते ठिकाण म्हणजे शेतकऱ्याच्या घरची हिशेबाची वही. सालदाराच्या नावापुढे उचल लिहिलेली असते, जोडे आणि घोंगडे दिल्याचे लिहिलेले असते, आणि त्याखाली खाडे मांडलेले असतात, कारण खाड्याचा पैसा कापावयाचा असतो. पाटलाने माणूस मेला तेव्हाच लेखणी उचलली. मालकाने तो कामावर आला नाही त्या प्रत्येक दिवशी उचलली. हेतू दयेचा नव्हता, तरी नोंद झाली. एखाद्या वर्षी पाच-सात खाडे करणारा सालदार तापाच्या साथीनंतर चाळीस खाडे करतो, आणि पुढल्या पाडव्याला त्याचे नावच वहीत नसते, असे जेथे आढळेल तेथे आपल्याला हवी असलेली ओळ सापडली असे समजावे. वेचणीच्या वह्यांत बायकांच्या नावांपुढील वजनेही अशीच वाचता येतील.

नांदगाव, चांदूर, दारव्हा, मूर्तिजापूर अशा भागांत ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या अशा वह्या अजून बांधून ठेवलेल्या असतील, विशेषेकरून १९१८ ते १९२० या सालांच्या, किंवा २००६ च्यासुद्धा, त्यांना माझी विनंती आहे, की येत्या दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीवाल्याला घालू नयेत. वाळवी लागली असली तरी घालू नयेत. आणि घरातील कोणा लिहित्या-वाचत्या मुलाला बसवून त्यांतील खाडे तेवढे तारीखवार उतरून घ्यावेत.